डावा पाय आणि पाचवा गिअर

पत्र: काका, भांडुपला राहतो, लोअर परळला नोकरी. १०० सीसीची चार गिअरची मोटारसायकल आहे. नऊ वर्षं झाली, ६२ हजार किलोमीटर झाले, रस्त्यात एकदाही दगा दिला नाही. महिन्यातून दोनदा मिसेसना मागे बसवून गावी ओतूरला जातो, कल्याण-मुरबाड-माळशेज करत. येताना कांद्याची नाहीतर तांदळाची गोणी असतेच. मुरबाडच्या रस्त्याला गाडी साठ-पासष्टला गेली की इंजिन ओरडायला लागतं आणि माझा डावा पाय आपोआप पाचवा गिअर शोधतो. ऑफिसातल्या मित्राने पाच गिअरची ११० घेतली. तो म्हणतो, हायवेला उडते आणि ॲव्हरेजही जास्त. शोरूमवाला माझी जुनी एक्स्चेंजमध्ये घ्यायला तयार आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो, कशाला खर्च करता, पुढचं स्पॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एक दात मोठं टाकतो, पाचवा गिअर झालाच समजा. मिसेस म्हणतात, दोघांचंही ऐकू नका. काय करू?

उत्तर: मिसेसचं ऐका, एवढं लिहून मी मोकळा झालो असतो. पण त्या बरोबर का आहेत हे त्यांनाही सांगता येणार नाही, आणि तुमचा पाय तर ऐकणारच नाही. म्हणून जरा सविस्तर.

आधी त्या पायाविषयी. हा रोग तुम्हाला एकट्याला नाही. चार गिअरवाल्याचा पाय पाचवा शोधतो, पाचवाल्याचा सहावा. रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनला पाच गिअर होते, तरी ती चालवणारे सहावा हवा म्हणून कुरकुरायचे. २०२३ साली नवी ४५० आली तेव्हा तिला सहावा मिळाला, पण इंजिनही दीडपटीहून जास्त ताकदीचं झालं होतं, हे कुरकुरताना कोणी मोजत नाही. माझ्याकडे आता १५० आहे, पाच गिअरची. घोडबंदरला रात्री रस्ता मोकळा मिळाला की माझाही पाय एकदा वर जाऊन येतो.

पाय काय शोधतो? तो वेग शोधत नाही, शांतता शोधतो. इंजिनचा आवाज चढला की आपल्याला वाटतं गाडीवर अत्याचार होतोय. तुमचं इंजिन साठला ओरडत नाही हो, ते काम करतंय. स्प्लेंडरसारख्या ९७ सीसीच्या गाडीची सगळी ताकद, म्हणजे साधारण आठ घोडे (हॉर्सपॉवर), ८,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्या की, मिळते आणि ओढ सगळ्यात जास्त असते ६,००० च्या आसपास. म्हणजे जिथे तुम्हाला ते दमल्यासारखं वाटतं, तिथे ते नुकतं बाह्या सरसावत असतं.

आता मुद्द्याचं. गिअर घोडे वाढवत नाही. आठ घोडे आहेत, पाचवा गिअर टाकला तरी आठच राहणार. गिअर फक्त ठरवतो की ठरावीक वेगाला इंजिन किती फिरेल. समजा तुमची गाडी चौथ्यात साठला ५,५०० आरपीएमला फिरते. पाचवा १५ टक्के लांब दिला, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी १५ टक्के पुढे नेणारा, तर तेच साठ ४,८०० ला मिळतील. आवाज उतरला, हँडलची झिणझिण कमी झाली, कानाला बरं वाटलं. पण ५,५०० ला इंजिनकडे सहा घोडे तयार होते, ४,८०० ला पाचच राहिले. एक घोडा तुम्ही शांततेच्या बदल्यात दिलात. सौदा वाईट नाही, फक्त तो घोडा पुढच्या वळणावर लागणार आहे की नाही ते बघायला हवं.

किती लागतो, त्याचा माझा अंदाजी हिशोब सांगतो. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, दोन माणसं घेऊन साठला चालायला चाकाशी तीनेक घोडे लागतात. वेग ऐंशी केला की सहा! वेग एक तृतीयांशाने वाढला तर ताकद दुप्पट, कारण वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. आणि आठातला एखादा घोडा चेन आणि बेअरिंगमध्येच खर्च होतो. म्हणजे तुमच्या गाडीला सपाटीवर साठला पाचवा गिअर सहज पेलेल, ऐंशीला जेमतेम. समोरून वारा सुटला की पाचव्यातली गाडी सत्तरवर येईल आणि तुम्ही निमूटपणे चौथा टाकाल. हायवेला उडते म्हणणाऱ्या मित्राला विचारा, पाचव्यात उडते की चौथ्यात उडवून मग पाचव्यात टाकतो?

आता चढ. रस्ता पाच टक्के चढला, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर वर आलात, तर दोघांसकट अडीचशे किलोची गाडी साठनेच वर न्यायला आणखी तीन घोडे लागतात. तीन आधीचे, तीन हे, सहा झाले. चौथ्यातसुद्धा तेवढे चाकापर्यंत पोचत नाहीत, म्हणून टोकावड्याच्या पुढे चढ लागला की तुम्ही तिसरा टाकता. पाच गिअरची ११० घेतली तरी माळशेजमध्ये तिसराच टाकाल. तिथे पाचवा गिअर म्हणजे लग्नातला रुखवत, बघायला मांडलेला.

इथे एक खुलासा, नाहीतर एखादा जाणकार मला पकडेल. कमी ताकदीच्या गाडीला जास्त गिअर लागतच नाहीत असं मी म्हणत नाहीये. तत्त्व उलटं आहे. ताकद कमी असेल आणि ती अगदी चिंचोळ्या पट्ट्यात मिळत असेल तर गिअर जास्तच लागतात. १९६० च्या दशकात सुझुकीच्या ५० सीसीच्या रेसिंग गाड्यांना १४ गिअर होते! इंजिन १७ हजारांच्या आसपास किंचाळायचं आणि त्याखाली आलं की मेलंच. शेवटी जागतिक संघटनेला त्या वर्गासाठी सहा गिअरची मर्यादा घालावी लागली. तुमचं इंजिन त्याच्या अगदी उलट स्वभावाचं आहे, साडेतीन हजारांपासून सात हजारांपर्यंत कुठेही हाक मारा, ओ देतं. अशा इंजिनाला चार गिअर पुरतात. यामाहाच्या आरएक्स १०० ला ११ घोडे असून चारच गिअर होते, आणि त्या गाडीला कोणी संथ म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पाचवा गिअर दोन जातींचा असतो आणि शोरूममध्ये हा फरक कोणी सांगत नाही. एका जातीत पहिला आणि शेवटचा जिथल्या तिथे ठेवतात आणि मधली चाल चारऐवजी पाच पायऱ्यांत वाटतात. जिन्याची उंची तीच, पायऱ्या बुटक्या. याचा फायदा घाटात. चार गिअरच्या गाडीला तिसऱ्यातून चौथ्यात टाकलं की आरपीएम साधारण पाव हिश्शाने पडतात. चढात तेवढी पडझड सोसत नाही, म्हणून गाडी तिसऱ्यात ओरडते आणि चौथ्यात दमते. मधे एक पायरी असती तर बरं झालं असतं, असं वाटतं ते याच ठिकाणी. दुसऱ्या जातीत आधीचे चार तसेच ठेवून वर एक लांब पायरी जोडतात, सपाटीवर निवांत चालायला. बजाजने २०१९ साली ११५ सीसीच्या प्लॅटिनाला पाचवा दिला तेव्हा नावच एच-गिअर ठेवलं, एच म्हणजे हायवे. त्याआधी २००९ साली त्यांनीच ९४ सीसीच्या डिस्कव्हरला पाच गिअर दिले होते. म्हणजे कल्पना नवी नाही, दर दहा वर्षांनी फिरून येते. होंडाची शाईन २००६ पासून चार गिअरवर चालली आणि २०२० साली बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे नवे नियम आले त्या वेळी तिला पाचवा मिळाला, पण ती १२५ आहे, तिच्याकडे पावणेअकरा घोडे आहेत. पुढे २०२३ साली त्याच कंपनीने शाईन १०० काढली, तेव्हा तिला परत चारच दिले. हे बघून माझ्यासारख्याला जे समजायचं ते समजतं.

आणि मुंबईत हा पाचवा टाकणार कुठे? जिथे पाचवा टाकून मजा यावी असे रस्ते एकेक करून आठवा. वरळीचा सी-लिंक, दुचाकी बंद. कोस्टल रोड, बंद. अटल सेतू, बंद. जेजे फ्लायओव्हर, बंद. पुण्याचा एक्स्प्रेस-वे, तो तर पहिल्यापासून बंद. पाच गिअरची गाडी विकत घ्यायला आपल्याला परवानगी आहे, पाचवा गिअर टाकण्याजोगे रस्ते मात्र आपले नाहीत. उरला तुमचा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे. माझ्या पुतण्याची पाच गिअरची ११० मी आठवडाभर वापरून पाहिली, मुलुंड ते परळ. सकाळी साडेसहाला निघालो त्या दिवशी कांजूर ते घाटकोपर पाचव्यात गेलो. बाकीचे पाच दिवस सायनपर्यंत तिसरा-चौथा, आणि सायन सर्कलपासून पुढे दुसरा, पहिला, हाफ क्लच, परत दुसरा. गांधी मार्केटपाशी बेस्टच्या बसमागे उभा असताना त्या पाचव्या गिअरचा मला काडीचा उपयोग झाला नाही. एकदा तर चौथ्यात आहे की पाचव्यात हेच विसरलो आणि सिग्नलला गाडी बंद पाडली. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहीत नाही.

ॲव्हरेजचंही तेच. पाचव्यात पन्नास-पंचावन्नला सपाटीवर एकसारखी चालवलीत तर पेट्रोल थोडं वाचतं, हे खरं आहे. इंजिन कमी फिरतं, आतलं घर्षण कमी होतं. पण जो गिअर दिवसातून दहा मिनिटं पडतो, तो महिन्याच्या पेट्रोलात काय फरक पाडणार? उलट काही जण ॲव्हरेजच्या लोभाने चाळीसलाच पाचवा टाकतात आणि मूठ पिळत राहतात. गाडी धडधडते, टाकीवर गुडघ्याला हादरे बसतात, इंजिन आतून टकटक करतं. इंजिनाला ओरडणं चालतं, पण असं खालच्या फेऱ्यांवर ओझं ओढणं चालत नाही. बैलाला चढणीवर चालवावं, फरफटवू नये.

तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं मात्र मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते स्वस्त आहे. पुढचं स्पॉकेट १४ दातांचं असेल आणि १५ चं टाकलं तर गाडी सात टक्क्यांनी लांब होते. साठला ५,५०० ऐवजी ५,१०० च्या आसपास. आवाज थोडा उतरेल, तुम्हाला दोन दिवस बरं वाटेल. पण हा पाचवा गिअर नाही. वर जोडलेला पाचवा गिअर आधीच्या चौघांना हात लावत नाही, स्पॉकेट चौघांनाही लांब करतं. म्हणजे पहिलाही. मिसेस मागे, गाडी भांडुपच्या चढावर उभी, पुढे टँकर, अशा वेळी पहिला लांब झाला की क्लच जास्त वेळ घासत निघावं लागतं. तुमच्या क्लचप्लेटा नऊ वर्षं टिकल्या, त्या मग वर्षभरात वास मारतील. आणि माळशेजमध्ये जिथे आज तिसरा चालतो तिथे दुसरा लागेल, म्हणजे ज्या आवाजापासून पळायचं होतं तोच दुप्पट ऐकाल. चेनसेट बदलायला आला असेल तर जरूर बदला, पण कंपनीच्या दातांचाच.

गिअरबॉक्समध्येच पाचवा बसवून देतो म्हणणाराही एखादा भेटेल, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला काय वाटेल ते मिळतं. त्याला लांबूनच नमस्कार. दोन्ही शाफ्ट, ड्रम, फोर्क, सगळं बदलतं आणि केसिंगमध्ये जागा नसते ती वेगळीच.

मग करायचं काय? मी एक उद्योग सांगतो, दहा रुपयांचा. काळी इन्सुलेशन टेप घ्या. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर, आतल्या कडेला, टेपची एक बारीक पट्टी चिकटवा. मूठ सोडलेली असताना ती पट्टी जिथे येते, त्याच्या समोर स्विचच्या डब्यावर खडूने रेघ मारा. मूठ पूर्ण पिळल्यावर पट्टी जिथे पोचते तिथे दुसरी रेघ. या दोन रेघांच्या मधे तुमचे आठ घोडे आहेत. आता पुढच्या खेपेला मुरबाडच्या पुढच्या सरळ रस्त्यावर, चौथ्यात, साठला, मिसेस मागे असताना पट्टी कुठे आहे ते त्यांना खांद्यावरून डोकावून बघायला सांगा. तुम्ही बघू नका, तुम्ही रस्ता बघा. पट्टी निम्म्याच्या अलीकडे असेल तर तुमच्या इंजिनात शिल्लक आहे आणि लांब गिअर त्याला पेलला असता. निम्म्याच्या बरीच पलीकडे असेल तर पाचवा गिअर टाकताच ती शेवटच्या रेघेला टेकेल आणि वेग उतरेल. मी हे माझ्या जुन्या १०० सीसीवर केलं होतं. एकटा असताना पट्टी निम्म्यावर, डबलसीट पाऊण, आणि खोपोलीहून वर शिंग्रोबाच्या देवळाजवळ गाडी तिसऱ्यात असून पट्टी रेघेला चिकटलेली. देवळापाशी लोक नाणं टाकतात, मी त्या दिवशी दोन टाकली.

टेप लावायच्या आधी एवढं मात्र करा, नाहीतर मोजमाप खोटं येईल. टायरमध्ये हवा, डबलसीटला मागच्या टायरात जेवढी सांगितलीय तेवढी. चेन धुऊन, तेल देऊन, ढिली-घट्ट बघून. एअर फिल्टर, ६२ हजारांत तो किती वेळा बदलला ते तुम्हालाच आठवत नसेल. आणि मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का. घासणारा ब्रेक आणि चोंदलेला फिल्टर मिळून एखादा घोडा सहज खातात, आणि मग माणूस पाचवा गिअर शोधत शोरूमला जातो. निम्म्या पत्रांचं दुखणं हेच निघतं.

तुमची कांद्याची गोणी येताना असते, म्हणजे घाट उतरताना. तिथे गिअरचा उपयोग पळायला नाही, थांबायला आहे. माळशेज उतरताना तिसऱ्यात राहा, वळणाआधी दुसरा. इंजिनलाच गाडी धरू द्या. चौथ्यात किंवा न्यूट्रलमध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर उतरलात तर गोणीच्या ओझ्याने ब्रेकचा ड्रम तापतो आणि खाली सावर्ण्यापर्यंत ब्रेकची पकड कमी होते. जितका लांब गिअर, तितकं हे धरणं कमी, हेही लक्षात असू द्या.

तर माझं मत: फक्त पाचव्या गिअरसाठी १०० देऊन ११० घेऊ नका. अर्ध्या-पाऊण घोड्याचा फरक आहे, तुमच्या दोघांच्या वजनात तो कळणारही नाही. पण १३० किलोमीटर गेल्यावर तळहात बधिर होत असतील, मिसेसचे पाय फूटरेस्टवर झिणझिणत असतील, तर ते कारण मला पटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग १२५ बघा. तिथे पावणेअकरा-अकरा घोडे आहेत, ओढही तिसऱ्या हिश्शाने जास्त आहे, आणि पाचवा गिअर बहुतेकींना आपोआपच येतो. ती साठला निवांत चालेल आणि चढात पट्टी रेघेला इतक्या लवकर चिकटणार नाही. वेगाचं म्हणाल तर केंद्राच्या २०१८ च्या नियमात दुचाकीला पालिका हद्दीत जास्तीत जास्त ६० आणि चौपदरी रस्त्यावर ८० आहे. त्याच्या वरची गाडी ओतूरला जायला लागत नाही.

घ्यायचीच ठरली तर गिअर टाकायची पद्धत बघून घ्या. तुमच्या गाडीचे सगळे गिअर पुढे दाबून पडत असतील आणि नवीला पहिला खाली बाकीचे वर असतील, तर नऊ वर्षांची सवय महिनाभर तरी घोटाळा करणार, तोही नेमका सायनच्या सिग्नलला. आणि ट्रायल शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एकट्याने घेऊ नका. मिसेसना मागे बसवा आणि भांडुपला टेकडीकडे चढणारी तुमच्याच ओळखीची एखादी गल्ली मागा. सेल्समन नाही म्हणेल. त्याला म्हणावं, मग पाचवा गिअर तू तुझ्याकडेच ठेव.